वाचकांचे प्रश्न : खरं फिलिपिनो जेवण कुठे मिळेल, आणि ते ओळखायचं कसं?

विदर्भातली मुलंमुली वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जातात, काही जण आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत राहतात आणि सुट्टीत घरी आले की तिकडच्या जेवणाबद्दल बोलत राहतात. त्यामुळे या जेवणाबद्दलची पत्रं आमच्याकडे वाढली आहेत. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. त्याला फिलिपिनो जेवणाची गोडी लागली आहे. दिवाळीत तो आला की त्याला नागपुरात तसं जेवण खाऊ घालायचं मनात आहे. 'पॅन-एशियन' लिहिलेली बरीच हॉटेलं दिसतात. त्यांतलं कोणतं खरं, हे कसं ओळखावं?
— एक वाचक, लाखनी, जि. भंडारा

फलकावर जाऊ नका. आधी मेन्यूकार्डाचा फोटो मोबाइलवर मागवा आणि मग फोन करून तीन गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट आंबटपणाची, कारण फिलिपिनो स्वयंपाक आंबटावर उभा आहे. 'सिनिगांग' हा त्यांचा रोजचा आंबट रस्सा. तो कशाने आंबट करता, असं विचारा. चिंच, कैरी, पेरू, बिलिंबी यांपैकी काही सांगितलं तर आचाऱ्याला काम कळतं. 'पावडरचं पाकीट' असं उत्तर आलं तर ती लबाडी समजू नका, फिलिपिन्समध्ये घरोघरी ते पाकीट वापरतात. पण उत्तम हॉटेल म्हणायचं तर फळ उकळून काढलेला कोळच हवा. पाकिटाचा आंबटपणा जिभेच्या टोकाला टोचतो आणि मागे काही ठेवत नाही.

दुसरा प्रश्न 'आदोबो'बद्दल. व्हिनेगर, लसूण, मिरे, तमालपत्र आणि बहुतेक वेळा सोया सॉस, एवढ्यावर शिजवलेलं हे मांस. 'ग्रेव्ही हवी की ड्राय?' असं कुणी विचारलं तर तिथे मांचुरियनच्याच कढईत आदोबो होतो, हे धरून चाला. त्यात कॉर्नफ्लोअर नसतं, सिमला मिरचीही नसते. रस आटून वर तेल सुटलेलं दिसलं पाहिजे.

तिसरा प्रश्न 'कारे-कारे'चा. शेंगदाण्याचा कूट आणि भाजून दळलेला तांदूळ घालून केलेला हा दाट रस्सा मुद्दामच मवाळ आणि कमी मिठाचा ठेवतात. खारटपणा येतो तो सोबत दिलेल्या 'बागोओंग'मुळे, म्हणजे खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीच्या चटणीमुळे. कारे-कारे आहे पण बागोओंग नाही, असं असेल तर तिथे जाऊ नका. मात्र बागोओंग आहे पण कारे-कारे आजच संपलं, असं कळलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.

गोमांस खात नसाल तर हेही लक्षात ठेवा : मूळ पद्धतीचं कारे-कारे बहुतेक वेळा गाई-बैलाच्या शेपटीचं किंवा आतड्यांचं असतं, आणि 'बुलालो' हा हाडांचा रस्साही त्याच मांसाचा. तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

हे जेवण दिवाळीपर्यंत थांबण्यापेक्षा मुलाला दुबईतच अधिक चांगलं मिळेल. अल सतवा, करामा आणि देरातला अल रिग्गा या भागांत फिलिपिनो कामगारांची हॉटेलं आहेत. त्यानं सुट्टीच्या दिवशी दुपारी जावं. अमिरातीत २०२२पासून शनिवार-रविवार सुट्टी असते. सिंगापुरात ऑर्चर्ड रोडवरचं लकी प्लाझा आणि हाँगकाँगच्या सेंट्रल भागातलं वर्ल्ड-वाइड हाउस रविवारी फिलिपिनो बायामाणसांनी भरून जातं. ज्या टेबलांवर ती माणसं भात दुसऱ्यांदा मागतात, ते हॉटेल धरावं. 'सिसिग' म्हणजे बारीक चिरून तापल्या तव्यावर वाढलेलं मांस; आखातात ते डुकराच्या मांसाऐवजी कोंबडीचं किंवा माशाचं मिळतं. त्याला नकली म्हणू नये, ती तिथली रीत आहे. कुवेतमध्ये तर डुकराच्या मांसावर बंदीच आहे.

प्रश्न : दोनदा आदोबो केला, दोन्ही वेळा बिघडला. पहिल्यांदा काळा आणि कडू झाला. दुसऱ्यांदा इतका आंबट झाला, की ताटावर बसल्याबरोबर ठसका लागला. गावरान कोंबडी होती, कुकरमध्ये पाच शिट्ट्या केल्या. काय चुकलं?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

दोन्ही चुका वेगळ्या आहेत. ठसका कुकरमुळे लागला. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल वाफेबरोबर उडून जातं, म्हणून व्हिनेगर घातल्यावर भांडं उघडं ठेवून आठ-दहा मिनिटं चांगलं उकळू द्यावं लागतं. कुकरचं झाकण लावलं की ते आम्ल आत कोंडलं जातं आणि पुन्हा रश्शात उतरतं. फिलिपिनो घरांत व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळू नये, असा दंडक आहे. आमच्या मते ढवळण्यापेक्षा झाकणाचा प्रश्न मोठा आहे, पण दंडक पाळायला हरकत नाही. शिवाय कुकर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर व्हिनेगर त्यात घालूच नये, रसाला धातूची चव येते. लोखंडी कढईचंही तेच, त्यात रस काळपट होतो. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, नाहीतर मातीची हंडी. तिकडे 'पालायोक' नावाच्या मातीच्या भांड्यातच हे शिजवत आले आहेत.

काळेपणा आणि कडूपणा आला तो बहुधा सोया सॉसमुळे. आपल्या गावच्या दुकानात चायनीजच्या गाडीवाल्यांसाठी ठेवलेली बाटली 'डार्क' असते : दाट आणि कॅरॅमलच्या रंगाची. रस आटत आला की तोच रंग करपट लागतो. फिलिपिनो 'तोयो' पातळ आणि खारट असतो. त्याच्या जवळ जाणारा म्हणजे 'लाइट' सोया सॉस. तोच मागा. लसूण आधी तेलात लाल करून घेतला असेल तर तेही एक कारण. लाल झालेला लसूण नंतर पाऊण तास रसात उकळला की कडू होतो.

प्रमाण असं घ्या. कोंबडी १ किलो, मोठे तुकडे, कातडीसकट मिळाली तर उत्तम. व्हिनेगर अर्धा कप (१२० मिली), लाइट सोया सॉस पाऊण वाटी (८० ते ९० मिली), लसणाच्या १२ पाकळ्या फक्त ठेचून, अख्खे मिरे १ चमचा, पाणी १ कप. तमालपत्र एकच पुरे. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यांचं झाड वेगळं, आणि आपली तीन पानं घातली तर रश्शाला गरम मसाल्याचा वास येतो. मीठ सुरुवातीला अजिबात नको. आले-लसूण पेस्ट, कांदा, तिखट, कोथिंबीर यांतलं काहीही नको. हळद मात्र चालते. बातांगास प्रांतात सोया सॉस न घालता हळदीचा पिवळा आदोबो करतात, आणि सोया सॉस हाताशी नसेल तर तोच करावा : सोया वगळून दीड चमचा मीठ आणि बोटभर ओली हळद ठेचून.

ब्रॉयलर असेल तर सगळं एकत्र पातेल्यात घाला, मोठ्या आचेवर उकळी आणा, उघडंच दहा मिनिटं, मग आच मंद करून अर्धवट झाकण ठेवून पंचवीस मिनिटं. गावरान कोंबडीला एवढ्यानं काही होत नाही. ती आधी कुकरमध्ये दीड कप पाणी, चार पाकळ्या लसूण आणि मिऱ्यांसोबत ऐंशी टक्के शिजवून घ्या. तीन-चार शिट्ट्या, कोंबड्याचं वय पाहून. मग पाण्यासकट पातेल्यात काढा आणि व्हिनेगर, सोया, उरलेला लसूण तेव्हा घाला. वरचं १ कप पाणी मग नको.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. मांस शिजलं की तुकडे बाहेर काढून निथळवा आणि दुसऱ्या तव्यावर दोन चमचे तेलात तांबूस परतून घ्या. तोवर पातेल्यातला रस मोठ्या आचेवर निम्मा आटवा. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. मग तुकडे रसात सोडा, चव घ्या, आणि गरज असेल तरच मीठ घाला. हे न करता पाणचट रसातले पांढुरके तुकडे वाढले, तर कोणालाच आवडणार नाहीत.

व्हिनेगरबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगतो. 'सिंथेटिक' लिहिलेलं पांढरं व्हिनेगर म्हणजे नुसतं पातळ केलेलं अ‍ॅसेटिक आम्ल. त्यानं आंबट होतं, चव येत नाही. फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तर भागात उसाचं व्हिनेगर वापरतात आणि उसाचा सिरका आपल्याकडेही मिळतो. तो वापरा. गोव्याहून कुणी येणार असेल तर माडाचं व्हिनेगर मागवा, तेही फिलिपिन्सच्या वळणाचं आहे. या एका बदलानं जेवढा फरक पडतो, तेवढा बाकी सगळ्या सुधारणा मिळून पडत नाही.

आदोबो दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो. व्हिनेगर आणि मिठामुळे तो टिकतो, हे खरं. पण आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस.

प्रश्न : मुलीला दावाओला मेडिकलला प्रवेश मिळाला आहे. घरी आम्ही माळकरी, ती अंडंही खात नाही. तिथे तिनं बाहेर काय खावं?
— एक पालक, मेहकर, जि. बुलडाणा

रोजचं जेवण भारतीय मेसमध्येच ठरवा, तिथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी मेस चालतात. बाहेर खाताना धोका मांसाच्या पदार्थांत नाही, तो ओळखू येतो. धोका भाजीच्या पदार्थांत आहे. 'पिनाकबेत' दिसायला कारलं, वांगं, भेंडी आणि भोपळ्याची भाजी असते, पण तिचा खारटपणा बागोओंगचा. 'मोंगो' म्हणजे मुगाची उसळ. तिच्यात शेवग्याचा पाला असतो आणि बहुतेक वेळा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे किंवा सुका मासाही. 'लाइंग' म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली धोप्याची वाळलेली पानं, त्यातही कोळंबी. मिठाऐवजी 'पातिस' हे माशाचं पाणी घालण्याची सवय आहे आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. काही बेकऱ्यांच्या पावात डुकराची चरबी असते.

म्हणून 'व्हेज आहे का' एवढं विचारून चालणार नाही, एकेका वस्तूचं नाव घ्यावं लागतं. दावाओत सेबुआनो बोलतात. 'वालाय कार्ने, वालाय इस्दा, वालाय गिनामोस, वालाय पातिस' म्हणजे मांस नको, मासा नको, बागोओंग नको, पातिस नको. अंड्यासाठी 'वालाय इत्लोग'. हे तिच्या फोनमध्ये लिहून द्या आणि विक्रेत्याला दाखवायला सांगा.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे रस्त्यावरची 'बनाना क्यू' (साखरेत तळलेली केळी), 'तुरोन' (पोळीच्या पातळ गुंडाळीत तळलेलं केळं आणि फणस), केळीच्या पानात उकडलेला चिकट तांदळाचा 'सुमान', सकाळी खांद्यावर डबे घेऊन फिरणाऱ्याकडचा 'ताहो' (गरम मऊ सोया-पनीर, गुळाचा पाक, साबुदाणा). तळणीचं तेल कोणतं, हे तेवढं विचारावं. आणि पोमेलो, मँगोस्टीन, दुरियन ही फळं तर दावाओची खासियतच.

तिखटाची सवय असेल तर जेवण मिळमिळीत वाटेल, हे आधीच सांगून ठेवा. दावाओ ज्या बेटावर आहे, त्या मिंदानाओच्या मारानाओ लोकांची 'पालापा' नावाची कांदेपात, आलं आणि मिरचीची चटणी विचारून पाहावी. तीही घेण्याआधी काय घातलंय ते विचारावं.

प्रश्न : आमच्याकडे हिरवी चिंच, आंबाडी, भेदरं, मुळे सगळं घरचं आहे. तळ्यातली मासळी मिळते. सिनिगांग जमेल का? फोडणी कशाची द्यायची?
— एक वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

फोडणी द्यायची नाही. हळद, गूळ, तिखट, काहीच नाही. आमटीची सवय हाताला असते, तेवढी बाजूला ठेवली तर तुमच्यासारखं सिनिगांग शहरात कुणाला जमणार नाही, कारण झाडावरची हिरवी चिंच तुमच्याकडे आहे.

चार माणसांसाठी हिरव्या चिंचा २०० ग्रॅम. पाणी सहा कप, आणि ते साधं न घेता तांदळाच्या दुसऱ्या धुण्याचं घ्या. फिलिपिनो घरांत असंच करतात, रश्शाला हलकं अंग येतं. पहिलं धुणं फेकून द्या, त्यात कोंडा आणि धूळ असते. चिंचा साली फुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं उकळा, कोळून गाळा. गाळलेल्या पाण्यात एक कांदा आणि तीन भेदरं चिरून आठ मिनिटं. मग मुळ्याच्या चकत्या, पाच मिनिटं. मग बरबटीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, चार भेंड्या आणि तीन अख्ख्या हिरव्या मिरच्या, आणखी चार मिनिटं. आता ७५० ग्रॅम मासळी सोडा आणि रस्सा फक्त हलका उकळता ठेवा. मध्यम जाडीचे तुकडे सहा मिनिटांत होतात. खळखळ उकळलं की मासळीचा चुरा होतो. शेवटी मूठभर नाळीची भाजी किंवा पालक टाकून आच बंद, झाकण दोन मिनिटं. खारटपणासाठी पातिस दोन मोठे चमचे, नसेल तर मीठ.

मासळीत मरळ सगळ्यांत चांगली, मांस घट्ट आणि काटे कमी. रोहू-कतला घेतलीत तर पोटाकडचे तुकडे घ्या. चिखलाचा वास असेल तर मीठ आणि चिंचेचं पाणी चोळून दहा मिनिटांनी धुवा आणि रश्शात आल्याच्या चार चकत्या टाका. झिंगे मिळाले तर विचारूच नका, डोक्यासकट घाला.

पिकलेली चिंच वापरली तर रस्सा तपकिरी आणि गोडसर होतो. तेव्हा ६० ग्रॅम पुरे. चैत्र-वैशाखात चिंचेऐवजी एक मोठी कैरी. आंबाडी मूळ फिलिपिनो नाही, पण आंबटपणा स्वच्छ आहे. १०० ग्रॅम पानं शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आधी घातली तर बुळबुळीत होतात. सोबत भात हवा, आणि तो एचएमटीचा चालतो. त्यांचा भात थोडा मऊ आणि चिकट असतो, म्हणून बासमती अजिबात नको. आदल्या दिवशीचा एचएमटी उरला तर भरपूर लसूण तेलात बदामी करून त्यात परता. त्यांच्या सकाळच्या न्याहारीचा 'सिनांगाग' हाच.

प्रश्न : धरणाची ताजी मासळी व्हिनेगरमध्ये मुरवून कच्चीच खाण्याचा 'किनिलाव' करावा म्हणतो.
— एक वाचक, पवनी, जि. भंडारा

करू नका. व्हिनेगरनं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण गोड्या पाण्यातल्या मासळीतले कृमी मरत नाहीत. कच्च्या मासळीसाठी ती उणे २० अंशांवर सात दिवस गोठवून ठेवण्याचा नियम आहे आणि घरच्या फ्रिजच्या कप्प्यावर तो भरवसा ठेवता येत नाही. किनिलाव समुद्राच्या मासळीचा, तोही चोख हॉटेलातच खावा. तुमची मासळी मीठ, लसूण, व्हिनेगर आणि मिऱ्यांत तासभर ठेवून निखाऱ्यांवर भाजा. चव पुष्कळशी तिकडेच जाते.

प्रश्न : आम्ही दोघं नवराबायको मनिलाला जाणार आहोत. एकदा तरी खरोखर उत्तम जागी जेवायचं आहे. कुठे जावं? आणि कलामान्सी नावाच्या लिंबाचं झाड आपल्याकडे लागेल का? आमची संत्र्याची बाग आहे.
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

जून २०२५पासून भारतीय पर्यटकांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाचा पुरावा आणि सहा महिने मुदतीचा पासपोर्ट लागतो. निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. एअर इंडियाचं दिल्ली-मनिला थेट विमान १ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झालं, तेव्हा नागपूरहून दिल्लीमार्गे सोयीचं पडेल.

उत्तम हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडनं ऑक्टोबर २०२५मध्ये मनिला आणि सेबूची पहिली यादी काढली. दोन तारे मिळाले ते 'हेल्म'ला, पण त्याचं वळण पुष्कळसं युरोपीय आहे. फिलिपिनो चवीसाठी एक तारा मिळालेल्यांपैकी 'तोयो ईटरी', 'हापाग' किंवा 'लिनामनाम' निवडा. बरेच आठवडे आधी बुकिंग करावं लागतं आणि काय खात नाही, ते बुकिंग करतानाच कळवावं. एवढा खर्च नको असेल तर रोक्सास बुलेवार्डवरचं १९३६ सालचं 'द अ‍ॅरिस्टोक्रॅट' आहे, तिथलं कोंबडीचं बार्बेक्यू आणि पिवळा भात मागा.

मात्र एकच जेवण करायचं असेल, तर आमचं मत 'तुरो-तुरो'कडे झुकतं. पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं आणि वाढून घ्यायचं. अकरा ते बारा या वेळात जा, दोननंतर सगळं आटून खारट झालेलं असतं. जिथे पातेली लहान आणि वारंवार भरली जातात, ती जागा निवडा. पहिल्या पातेल्याचं झाकण उघडलं की आंबट-लसणीचा वास समोर आला पाहिजे, नुसत्या तेलाचा नव्हे. वेळ असेल तर मनिला सोडून प्रांतात जा : सिसिग पंपांगातल्या आंगेलेसमध्ये, पोटात गवती चहा भरून भाजलेलं 'लेचोन' सेबूत, आणि डुकराच्या मांसाचा शेवयांचा 'बाचोय' इलोइलोच्या ला पाझ बाजारात. इलोइलोला २०२३मध्ये युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला आहे.

कलामान्सी हा संत्रा आणि कुमक्वॉट (एक चिमुकलं लिंबूवर्गीय फळ) यांच्या कुळांचा संकर, त्यामुळे आपल्या बागेत तग धरेल असं वाटतं. पण तिकडून रोप किंवा फळ सामानात आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय ते विमानतळावरच जप्त होतं, आणि लिंबूवर्गीय झाडांचे रोग सोबत आले तर बाग धोक्यात येईल. परवाना असलेल्या रोपवाटिकेतच चौकशी करा. चवीपुरतं हवं असेल तर कागदी लिंबाचा रस दोन भाग आणि न पिकलेल्या संत्र्याचा एक भाग एकत्र करा, संत्र्याच्या सालीची चिमूटभर किसणी घाला, आणि त्यात पातिस व एक ठेचलेली मिरची. भाजलेली मासळी बुडवून खायला हे पुरतं. रस काढल्यावर अर्ध्या तासात संपवा, नंतर सालीमुळे कडवट होतं.